सांबऱ्याचे लाल दिवे: पायलटनं सिग्नल तोडलेला नाही

आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो फिरून फिरून येतोय. बेळगावच्या सांबरा विमानतळालगतच्या शेतातून काढलेला. धावपट्टीच्या कडेला ओळीत चार लाल दिवे, वर उतरणारं विमान. खाली मजकूर: "रेड सिग्नल असूनही विमान उतरवलं. नंतर घाईघाईनं दोन दिवे पांढरे केले. पावसात तर दिवेच बंद ठेवतात, म्हणून विमानं परत जातात." पुढे पाठवणाऱ्यांत दोन मास्तरही निघाले, तेव्हा म्हटलं लिहूया.

आधी 'रेड सिग्नल'. हा चौकातला सिग्नल नव्हेच. उतरताना विमानाची उंची बरोबर आहे का हे पायलटला दाखवणाऱ्या या चार दिव्यांना 'पापी' म्हणतात (हसू नका, इंग्रजी आद्याक्षरं आहेत). प्रत्येक पेटीतून एकाच वेळी दोन रंगांचा झोत निघतो, वर पांढरा आणि खाली लाल. वडगाव-खासबागच्या मागावरचं धूपछाव लुगडं आठवा: कापड तेच, बघणारा हलला की रंग पालटतो. चारही पेट्या किंचित वेगळ्या कोनांत बसवतात, साधारण २.५ ते ३.५ अंशांच्या दरम्यान. विमान ३ अंशांच्या उतारावर, म्हणजे ५ किलोमीटर अलीकडे साधारण २६० मीटर उंचीवर असलं, की पायलटला दोन पांढरे, दोन लाल दिसतात. तिसरा पांढरा झाला तर विमान जरा वर आहे, तिसरा लाल झाला तर जरा खाली.

आता फोटो काढणारा कुठं उभा होता? बांधावर. तिथून चारही झोतांची खालचीच बाजू दिसणार. रोज गेलात तर रोज चार लालच दिसतील. (जाऊ मात्र नका. शेजारी हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिकडं मोबाईल रोखून उभं राहणं बरं नव्हे.) त्याच क्षणी वरच्या पायलटला दोन पांढरे दिसत असतील, आणि दोघांचंही खरं.

'नंतर पांढरे केले' हे इथंच निकालात निघतं. रंग बदलायचं बटणच नसतं.

पावसाचं मात्र उलटं आहे. हवा कुंद असली की दिवे बंद करत नाहीत, अधिक प्रखर करतात. पण आपल्याकडं जुलैत ढग किती खाली टेकतात ते सांगायला नको. ठरलेल्या उंचीपर्यंत खाली येऊनही पायलटला दिवे किंवा धावपट्टी दिसली नाही, तर विमान परत वर न्यावंच लागतं. दिवे पेटलेलेच असतात, मधे ढग असतो.

चार लाल खरोखर कॉकपिटमधून दिसले तर? मग विमान फारच खाली आलेलं असतं. तेव्हा पायलट थांबत नाही, इंजिनाचा जोर वाढवून वर घेतो.