'मिले सुर' लिहिणारे पीयूष पांडेही जाहिरातवालेच होते

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. जुन्या जाहिरातींवरचा माझा लेख तुम्हाला खटकला. इंदूरच्या 'सानंद' या मराठी संस्थेची नाटकं बघणाऱ्या, घरात गाणं असलेल्या मुलीने साबण-तेलाच्या जाहिरातींचं एवढं कौतुक करावं याचं वाईट वाटलं, असं तुम्ही लिहिलंत. जाहिरात म्हणजे पैसे घेऊन बोललेलं खोटं, ती पोरांना बिघडवते, आणि टीव्हीवर संस्कृती होती ती 'मिले सुर मेरा तुम्हारा' लागायचं तेव्हा, असंही म्हणालात. याला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

'मिले सुर'पासूनच सुरू करते, कारण ते माझंही लाडकं आहे. १९८८च्या १५ ऑगस्टला ते पहिल्यांदा लागलं. पुढे कधीही भीमसेनजींचा आवाज सुरू झाला की आजी पोळ्यांचा तवा खाली उतरवून बाहेरच्या खोलीत यायची. लताबाईंचं झालं की परत आत. काका, त्या गाण्याचे शब्द पीयूष पांडे यांचे. ते ओगिल्वी या जाहिरात कंपनीत होते. ते घडवून आणणारे सुरेश मलिकही तिथलेच. चाल अशोक पत्कींची, आणि 'आभाळमाया', 'वादळवाट'ची शीर्षकगीतं देणाऱ्या पत्कींनी जिंगल्स किती केल्या त्याला गणती नाही. म्हणजे तुम्ही ज्याला संस्कृती म्हणता ते याच लोकांच्या हातचं आहे. सगळ्या देशाला समजेल असं थोडक्यात कसं सांगायचं, हे ते जाहिराती करता करता शिकले होते.

२०२५च्या ऑक्टोबरमध्ये पीयूष पांडे गेले, तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर कुणीतरी त्यांची फेविकॉलची बसवाली जाहिरात टाकली. दिग्दर्शन त्यांच्या भावाचं, प्रसून पांडे यांचं. आठवतेय ना? वाळवंटातला कच्चा रस्ता, माणसांनी लगडलेली बस. टपावर माणसं, खिडक्यांना माणसं, पुढे-मागे माणसं. खड्ड्यात बस उसळते, सगळा लोंढा एका बाजूला कलतो, पुन्हा सरळ होतो, आणि कुणी पडत नाही. बस पुढे निघून जाते तेव्हा तिच्या मागे फेविकॉलची पाटी दिसते. संपलं. एक शब्द बोललेला नाही. २००२ साली कान इथल्या जाहिरात महोत्सवात तिला रौप्य मिळालं. पण मला ती आवडते ती बक्षिसासाठी नाही. सरवटे बस स्टँडवरून लग्नसराईत खरगोनची बस पकडलेल्या कुणालाही विचारा, ती बस त्याने पाहिलेली आहे, तिच्यात तो लटकलेला आहे. आपल्याकडे इतकं नीट निरखून बघणारं कुणीतरी होतं, याचा मला आनंद होतो.

हे खोटं म्हणायचं का? डिंकाने माणसं बसला चिकटतात असं बनवणाऱ्यालाही म्हणायचं नाही आणि बघणाऱ्यालाही तसं वाटत नाही. शाळेत आपण अतिशयोक्ती अलंकार शिकलो तो कशावरून? 'दमडीचं तेल आणलं, सासूबाईंचं न्हाणं झालं', मामंजींची शेंडी झाली, आणि उरलेल्या तेलाचा ओघळ पार वेशीपर्यंत गेला. त्या दमडीच्या तेलाला आपण कधी खोटं म्हटलं नाही. फेविकॉलची बस त्याच घराण्यातली आहे.

मात्र खोट्या जाहिराती असतात, आणि तिथे मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. माझी मावसबहीण. तिला बघायला लोक येत होते त्या वर्षी तिने गोरं करणारी एक क्रीम सहा महिने लावली. रोज रात्री आरशासमोर उभी राहून मनगट गालाजवळ धरायची आणि रंग ताडून बघायची. फरक पडला नाही तेव्हा तिला क्रीमचा राग आला नाही, स्वतःचा आला. आपल्याच कातडीत काहीतरी कमी आहे असं तिला वाटलं. त्या जाहिराती देखण्या होत्या, गाणी गोड होती, आणि त्यांनी जे केलं ते मी माफ करणार नाही. मूळ लेखात यावर मी एक ओळही लिहिली नाही, ही चूक तुमच्यामुळे लक्षात आली.

पण तेवढ्यासाठी जाहिरातीतल्या त्या जिलबीवाल्या पोरावर पाणी सोडायचं का? रुसून घर सोडून निघालेला एवढासा मुलगा, स्टेशनवर भेटलेले ओळखीचे काका, घरी आईने जिलब्या केल्यात म्हणून त्यांनी टाकलेला गळ, आणि त्या मुलाचे विस्फारलेले डोळे: 'जलेबी!' आपल्या इंदूरला हे समजावून सांगावं लागतं का? रविवारी सकाळी पोह्यांवर शेव, जिरावण मसाला पडतो आणि शेजारी जिलबीचा कागद असतो, त्या गावाला रुसलेलं पोर जिलबीसाठी परत का येतं ते ठाऊक असतं. आमच्या घरात तेव्हापासून जिलबीची 'जलेबी' झाली ती आजतागायत, आणि म्हणायची ती डोळे मोठे करूनच. जाहिरात होती धारा तेलाची. आमच्याकडे तेल येत राहिलं ते शेंगदाण्याचं, बाबांच्या ओळखीच्या दुकानातून, घरची किटली नेऊन. जाहिरात सगळ्यांना पाठ, तेल मात्र एकदाही आणलं नाही. म्हणून जाहिरात आवडली की माणूस फसलाच, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही.

पोरं बिघडतात म्हणालात. आमच्या शेजारचा तीन वर्षांचा मुलगा पहिलं गाणं शिकला ते कचरागाडीचं. २०१७ला शहर स्वच्छतेत पहिलं आलं तेव्हापासून त्या गाण्याशिवाय आपली सकाळ उजाडत नाही. गाडी वळणावर असतानाच तो ओला कचरा, सुका कचरा करत दोन्ही डबे दाराशी ओढतो. तीही जिंगलच आहे ना.

आणि एक राहिलं. प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही लिहिलंत, 'आम्हाला फार तर ते विको टर्मेरिक, नहीं कॉस्मेटिक आठवतं, तेही टॉकीजमधलं.' काका, ओळ तुम्ही अक्षरशः बरोबर लिहिलीत. विकोवाल्या पेंढरकरांची ती क्रीम सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध, यावरून अबकारी खात्याशी त्यांचा वाद अनेक वर्षं चालला आणि सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, कारण दोन्हींवरचा कर वेगळा. त्या 'नहीं कॉस्मेटिक'ला असं वजन होतं. इतक्या वर्षांनी ती तुमच्या ओठांवर आहे, तर ती ऐकली कुठे तेही आठवत असेल. रीगलला की यशवंतला? पिक्चर कुठला होता, बरोबर कोण होतं? जरूर लिहा, मला खरंच वाचायचं आहे.