नोबेल यामानाकांचं, डबा भलत्याचाच

‘नोबेलविजेत्या जपानी शास्त्रज्ञाची चार प्रोटीनं आता पावडरमध्ये! रोज दोन चमचे घ्या, शरीरातल्या भ्रूण-मूलपेशी जाग्या होतात. प्रोटीन जितकं जास्त, तितक्या पेशी जास्त. गुडघे, केस, नजर, सगळं नवं.’ हा फॉरवर्ड परवा मावशीकडून आला, खाली प्रश्न: ‘मागवू का डबा?’ नको गं बाई.

शास्त्रज्ञ खरा आहे, हे मान्य. शिन्या यामानाकांना 2012 मध्ये जॉन गर्डन यांच्यासोबत नोबेल मिळालं. पण 2006 च्या त्या प्रयोगात कुणाला काही खाऊ घातलं नव्हतं. उंदराच्या शेपटीच्या टोकातून काढलेल्या पेशींमध्ये विषाणूमार्फत चार जनुकं घुसवली होती, तीही प्रयोगशाळेतल्या बशीत. त्या पेशी मग भ्रूण-मूलपेशींसारख्या झाल्या, म्हणजे शरीरातल्या जवळपास कुठल्याही प्रकारच्या पेशी बनवू शकणाऱ्या. या जनुकांपासून बनणारी चार प्रोटीनं काम करतात पेशीच्या केंद्रकात, डीएनएवर बसून. तोंडावाटे घेतली तर पचनात त्यांचे तुकडेच होणार. पोटाला ती आणि तुरीचं वरण सारखंच.

खरा संताप येतो तो ‘जितकं जास्त तितकं’ यावर. या चारांपैकी ऑक्ट4 घ्या. निवा, मियाझाकी आणि स्मिथ यांनी 2000 मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये दाखवलं, की उंदराच्या भ्रूण-मूलपेशींत ऑक्ट4 दुपटीहूनही कमी वाढवलं तरी पेशी स्वतःसारख्या पेशी बनवणं सोडून देतात आणि वेगळ्याच ऊतींच्या वाटेला लागतात. कमी केलं तर वारेच्या बाजूच्या पेशी होतात. म्हणजे वाढवूनही बिघडतं, घटवूनही. कारण ऑक्ट4 सहसा एकटं काम करत नाही. ते चौघांपैकीच दुसऱ्या, सॉक्स2 ला खेटून डीएनएवर बसतं आणि दोघं मिळून जनुकं चालू-बंद करतात. बॉस्टनमध्ये स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटाने 2006 मध्ये नॅनॉग हे भ्रूण-मूलपेशींतलं आणखी एक प्रोटीन पेशीतून बाहेर ओढलं आणि त्याला काय काय चिकटून येतं ते पाहिलं. आलं ते अख्खं गणगोत: ऑक्ट4 होतंच, शिवाय जनुकं दाबून ठेवणारे प्रोटीनसमूहही. मूलपेशी मूलपेशी राहते ती या सगळ्यांच्या आपसातल्या प्रमाणावर. त्यात दोन चमचे कुठे घालणार?

चौकडीतलं सी-मिक तर कर्करोगाशी जोडलेलं. यामानाकांच्याच प्रयोगशाळेने 2007 मध्ये चार जनुकं घुसवून बनवलेल्या पेशींपासून उंदीर वाढवले, तेव्हा पुढच्या पिढीतल्या साधारण 20 टक्क्यांना गाठी झाल्या. घुसवलेलं सी-मिक पुन्हा जागं झालं होतं. जाहिरातीत हे कशाला येईल!

‘शरीरातल्या भ्रूण-मूलपेशी’ म्हणे. त्या मिळतात काही दिवसांच्या भ्रूणातून; साठीच्या बाईत त्या नसतात. अस्थिमज्जेत रक्त बनवणाऱ्या मूलपेशी असतात, हे खरं, पण त्या वेगळ्या आणि त्यांना हा डबा लागत नाही.

केस आणि नजरेवर शब्द खर्च करत नाही. गुडघ्यांचं मात्र सांगते, कारण तिथेच मावशी फसणार होती. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नेहमीचा उपचार म्हणून मान्यता आहे ती फक्त रक्त बनवणाऱ्या मूलपेशींच्या प्रत्यारोपणाला, तीही ठरावीक आजारांत. बाकी सगळं नोंदणीकृत चाचण्यांपुरतं. गुडघेदुखी त्या आजारांत नाही.