मालिकांना शांततेची इतकी भीती का वाटते?

मी मराठी मालिका रोज पाहते, हे आधीच सांगून टाकते. मालिकांवर टीका करणारी बहुतेक मंडळी "आम्ही टीव्ही लावतच नाही" असे म्हणून सुरुवात करतात आणि पुढच्याच वाक्यात प्रत्येक पात्राची कुंडली मांडतात. आमच्या पुण्यात ही जमात जरा जास्तच आढळते. माझी तक्रार कथानकाविषयी नाही. स्मृतिभ्रंश, ऐन मांडवात मोडलेली लग्ने, मेलेल्या पात्राचे नव्या चेहऱ्याने परत येणे, हे सारे मी केव्हाच पत्करले आहे. मला खटकते ते एवढेच की, पडद्यावरचे माणूस क्षणभर गप्प बसले की त्याच्या वतीने पार्श्वसंगीत बोलू लागते.

नुकताच पाहिलेला एक भाग सांगते. मालिकेचे नाव देत नाही, कारण असे दृश्य कोणत्याही वाहिनीवर सापडेल. सासरे आपल्या तपासणीचा रिपोर्ट वाचतात, कागदाची नीट घडी घालून खिशात ठेवतात आणि सुनेला विचारतात, "चहा झाला का गं?" ते काम करणारे ज्येष्ठ नट इतके मुरलेले आहेत की, घडी घालतानाच्या त्यांच्या बोटांवरून सारे कळले होते. पण तेवढ्यावर थांबतील तर त्या मालिका कसल्या! विजा कडाडल्या, कॅमेरा खोलीतल्या एकेका चेहऱ्यावर तीन-तीनदा झेपावला (ज्यांना त्या रिपोर्टचा पत्ताही नव्हता त्यांच्यावरसुद्धा) आणि शेवटी सासऱ्यांचे मन त्यांच्याच आवाजात आम्हांला ऐकवण्यात आले: "हे मी घरात कुणाला सांगू?" यानंतर जाहिराती लागल्या आणि जाहिराती संपल्यावर हेच सर्व पुन्हा एकदा दाखवले गेले.

असे का होते, हे मला कळत नाही असे नाही. मालिका पाहिली जाते त्यापेक्षा ऐकली अधिक जाते. संध्याकाळी सातनंतर मी स्वतः ओट्यापाशी पोळ्या लाटत असते आणि संगीताचा दणका ही मला बाहेरून मारलेली हाक असते. तव्यावरची पोळी उलटवून मी दारापर्यंत येते, काय झाले ते पाहते आणि परत वळते. शिवाय रोज साधारण 22 मिनिटांचा मजकूर तयार करायचा, संवाद कित्येकदा त्याच दिवशी हातात पडायचे, वर टीआरपीच्या आकड्यांची टांगती तलवार. अशा घाईत एका नजरेसाठी कोण तिष्ठत बसणार? मात्र हे कारण मला अर्धेच पटते. 2012 मध्ये आलेली 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' ही मालिकाही दैनंदिनच होती, आणि तरी मुक्ता बर्वे व स्वप्नील जोशी यांची राधा आणि घना ही पात्रे वाक्ये अर्ध्यावर सोडत, एकमेकांकडे नुसती पाहत, आणि आम्हांला कळायचे ते कळत असे. ती मालिका त्याच वर्षी संपवली गेली, हेही तिचे मोठेपणच.

चित्रपटांविषयी माझे मत अनेकांना रुचणार नाही. 29 एप्रिल 2016 रोजी प्रदर्शित झालेल्या 'सैराट'चा पूर्वार्ध मला संगीताने जड झालेला वाटला. अजय-अतुल यांनी त्याचे सिंफनी ध्वनिमुद्रण थेट लॉस एंजेलिसला जाऊन केले होते. ते अतिशय सुंदर आहे, पण माझ्या मते ते दृश्यांच्या डोक्यावर बसते. आणि इतके संगीत हाताशी असताना नागराज मंजुळे यांनी शेवटची मिनिटे आवाज पूर्णपणे काढून घेतला. ते लहान मूल लाल पावले उमटवत दाराबाहेर येते तेव्हा त्याचे रडणेही आपल्याला ऐकू येत नाही. कोथरूडच्या ज्या चित्रपटगृहात 'झिंगाट'ला शिट्ट्यांनी कान किटले होते, तिथे नावांची पाटी सरकू लागली तरी खुर्च्या वाजल्या नाहीत. हा शेवट मला पूर्वार्धाच्या सगळ्या गाण्यांपेक्षा मोठा वाटतो.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ने मात्र मला मधल्या भागात चक्क कंटाळा आणला. कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी रोवलेला, भावना सुचवणारे संगीत नाही, आणि सरकारी वकील बाई काम आटोपून मुलाला घेऊन घरी जातात, स्वयंपाक करतात, हे सारे निवांत दाखवलेले. पण गीतांजली कुलकर्णी यांनी उभी केलेली ही बाई इतकी ओळखीची आहे की, तिच्याविषयी राग धरावा की माया वाटावी, हे ठरवता येत नाही. आणि दिग्दर्शकही ते ठरवून देत नाही. सुटी लागते, न्यायालयातले दिवे मालवतात, पडदा काळा होऊन बराच वेळ तसाच राहतो. दुसऱ्या कुणी तिथेच चित्रपट संपवला असता. इथे त्यापुढे न्यायाधीश सहलीला जातात, मुले त्यांची डुलकी मोडतात, ते एका मुलाच्या थोबाडीत देतात आणि पुन्हा पेंगू लागतात. त्या चपराकीवर वीज कडाडत नाही, कुणाचा चेहरा तीनदा दिसत नाही. हाच प्रसंग आमच्या साडेसातच्या मालिकेत आला असता तर सोमवारपासून शनिवारपर्यंत पुरला असता.

त्या रिपोर्टच्या दृश्यातल्या ज्येष्ठ नटांना भेटून एकच विचारण्याची माझी इच्छा आहे: आपण कागदाची घडी इतकी मन लावून घातलीत, आणि घरी बसून तो भाग पाहताना त्यावर कोसळलेल्या विजा ऐकल्यावर आपल्याला नेमके काय वाटले?