‘पोहता येणाऱ्याला जॅकेट कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

दादा,

नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर आमचा गट दर रविवारी होड्या आणि लाइफ जॅकेटं तपासतो, त्या लेखाखाली तुम्ही रागाने पण सविस्तर लिहिलंत. मुद्दे चार आहेत. पट्टीच्या पोहणाऱ्याला जॅकेटची सक्ती कशाला? पिढ्यान्‌पिढ्या जाळं टाकणाऱ्यांना शहरातली पोरं काय शिकवणार? तुम्हाला अधिकार कोणी दिला? आणि बुडालेल्याला पालथं घालून पाणी काढायची जुनी रीत तुम्ही चुकीची कशी ठरवता?

अधिकाराचं आधी सांगतो, कारण ते थोडक्यात आहे. आम्हाला अधिकार काहीच नाही. यांत्रिक बोटींची नोंदणी आणि तपासणी 2021च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली सरकारी यंत्रणेकडे आहे. आम्ही विनंती करतो, पट्टे बांधून देतो आणि बोटीत किती माणसं बसली ते मोठ्याने मोजतो. लेखात ‘सक्ती’ हा शब्द आम्हीच वापरला होता. तो चुकला, काढून टाकला आहे.

आता पोहण्याचं. तुम्ही पोहता ते ठरवून, श्वास घेऊन, उघड्या अंगाने. होडीतून पडणारा माणूस कपड्यांनिशी आणि बेसावध पडतो. डिसेंबर-जानेवारीच्या गार पाण्यात पडल्या पडल्या छाती आपोआप मोठा श्वास ओढते. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर आत पाणीच जातं, मग पोहणं कितीही चांगलं येत असो. पडताना डोकं होडीच्या काठावर आपटलं तर शुद्धच जाते. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. तोंड जेमतेम वर येतं, हात पाणी खाली दाबत राहतात आणि पाऊण-एक मिनिटात सगळं शांत होतं. तेवढ्यात शंभर मीटरवरची बोट वळूनसुद्धा होत नाही.

सीटखाली ठेवलेलं जॅकेट पडल्यावर घालता येत नाही. शंका असेल तर कमरेइतक्या पाण्यात, पाय न टेकता, घालून बघा. जानेवारी 2024मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात बोट उलटून 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका गेल्या. त्या बोटीत सगळ्यांच्या अंगात जॅकेट नव्हतं.

पण नुसतं अडकवलेलं जॅकेटही उपयोगाचं नाही. तपासणीत आमचा सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. आधी पुढची बक्कल, मग बाजूचे पट्टे, शेवटी मांड्यांमधून येणारा पट्टा. नंतर दोन्ही खांदे धरून जॅकेट वर ओढायचं. कानापर्यंत सरकलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघणार. लहान मुलांचं जॅकेट वयावर घ्यायचं नसतं, लेबलवरचा किलोचा आकडा बघायचा. तिथेच न्यूटनचा आकडाही असतो, म्हणजे जॅकेट पाण्यात किती भार तोलून धरतं त्याचं माप. 10 न्यूटन म्हणजे साधारण 1 किलो. पाण्यातल्या माणसाचं डोकं वर राहायला चारपाच किलोचा आधार पुरतो, म्हणून 50 न्यूटनवाल्यात शुद्धीवरचा, पोहता येणारा माणूस तरंगतो. बेशुद्ध माणसाला उताणं करायचं काम त्याचं नाही. त्यासाठी 100 किंवा त्याहून जास्त लागतं.

जुनं जॅकेट अजून दम धरून आहे का, हे घरच्या घरी कळतं. वाण्याकडचं 10 किलोचं लोखंडी माप घ्या. पाण्यात ते साधारण साडेआठ-पावणेनऊ किलोच भरतं. जॅकेटाला बांधा, मापाला वेगळी दोरी लावून ती काठावर धरा आणि जॅकेट पाण्यात सोडा. 100 न्यूटनचं जॅकेट ते तोलून धरायलाच हवं. खाली गेलं तर फोम मेला समजा. फोम मरतो तो उन्हाने आणि बसण्याने. जॅकेटाची उशी करून बसायची सवय सगळीकडे दिसते, तिने आतल्या हवेच्या बारीक पेशी चिरडतात. बोटाने दाबल्यावर खळगा तसाच राहिला तर ते जॅकेट सरळ कापून टाका. नुसतं फेकलंत तर दुसरा कोणीतरी उचलून वापरेल.

अनुभवी माणसाला काय शिकवणार, असं विचारलंत. वाऱ्याबद्दल तर आम्हीच त्यांच्याकडून शिकतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी ढग दाटून आले, उकाडा मोडून अचानक गार झोत आला, की वळीव दहा मिनिटांवर आहे हे मच्छीमार आमच्याआधी ओळखतात. तरीही 21 मे 2024च्या संध्याकाळी उजनी धरणाच्या पाण्यात, कळाशी आणि कुगाव या गावांच्या मध्ये, अशाच वादळी वाऱ्यात होडी उलटली आणि सहा जण गेले. म्हणून गार झोत लागला की जेट्टी गाठायची घाई नको, जवळचा काठ धरायचा. होडी उलटलीच तर तिला धरून राहायचं. उलटी होडीही सहसा तरंगते आणि पाण्यातल्या एकट्या डोक्यापेक्षा लांबून दिसते.

होडीतल्या पाण्याचा धोका मात्र अनुभवी माणूसही कमी धरतो. 14 फूट लांब, 4 फूट रुंद सपाट तळ आणि त्यात फक्त 2 इंच पाणी, हे जवळपास 260 लिटर होतं. म्हणजे चार माणसांचं वजन, आणि होडी ज्या बाजूला कलेल त्याच बाजूला धावणारं. वर कोणी फोटोसाठी उभं राहिलं की होडी परत सरळ होत नाही. म्हणून निघण्याआधी पाणी उपसा आणि डबा होडीलाच बांधून ठेवा.

जाळ्याबद्दल तुमचं म्हणणं मान्य. जॅकेटाच्या लोंबत्या पट्ट्यांत जाळं अडकतं आणि माणूस ओढला जातो, हा खरा धोका आमच्या लेखात आलाच नव्हता. जाळं टाकणाऱ्यासाठी जाडजूड जॅकेट आम्हीही सुचवणार नाही. अंगाबरोबरचं, 50 न्यूटनचं, पुढून चेन असलेलं बनियनसारखं जॅकेट घ्या. पट्ट्यांची टोकं आत दुमडून शिवून टाका. कमरेला म्यानातला चाकू हवाच, कारण नायलॉनचं ओलं जाळं हाताने तुटत नाही. टायरच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून मासेमारी करणाऱ्यांनी ट्यूबच्या एका बाजूला घोड्याच्या रिकिबीसारखा दोरीचा फास सोडावा, पाण्याखाली दीड-दोन फूट लोंबणारा. ट्यूबवर परत चढायला पाय टेकायला काही नसतं, म्हणून माणूस हाताच्या जोरावर धडपडतो आणि थकतो.

शेवटचा मुद्दा पाणी काढण्याचा, आणि इथे आम्ही मागे हटणार नाही. पोट दाबून किंवा उलटं धरून जे पाणी बाहेर येतं ते बहुतेक पोटातलं असतं. माणूस मरतो तो हवेवाचून, आणि पोट दाबल्याने अन्न वर येऊन श्वासनलिकेत जातं. बाहेर काढल्यावर हाक मारा, हलवा. प्रतिसाद नसेल, श्वास नीट चालत नसेल, तर उताणं ठेवून हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरा आणि तोंडाने 5 श्वास द्या, प्रत्येक वेळी छाती उचलली जाईल एवढा. (युरोपची पद्धत 5 सांगते, अमेरिकेची 2. दोन्हींत आधी श्वास.) मग छातीच्या मधोमध 30 दाब, 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 या वेगाने, मग 2 श्वास, पुन्हा 30. दुसऱ्याने तेवढ्यात 108 लावायचा. तोंडातून फेस आला तर पुसत बसू नका, श्वास देत राहा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचाच, कारण फुप्फुसातला बिघाड काही तासांनीही उफाळतो.

आणि दादा, बुडणाऱ्यामागे लगेच उडी मारणाऱ्यांचं तुम्ही कौतुक केलंत. घाबरलेला माणूस हाताला लागेल त्याच्यावर चढतो, म्हणून एकामागे दुसरा जातो. आधी वल्हं किंवा बांबू पुढे करा. तो पोचत नसेल तर 5 लिटरचा रिकामा कॅन घ्या, वजनापुरतं बोटभर पाणी आत ठेवून बूच घट्ट लावा आणि 15-20 मीटर तरंगती दोरी बांधून फेका. फेकायचा त्याच्या डोक्यापलीकडे, म्हणजे दोरी खांद्यावर पडते. दोरीचं टोक मनगटाला बांधू नका, हातात धरा आणि बसून ओढा. बोटीने जायचं तर वाऱ्याच्या तोंडावर हळू या, एका बोटीच्या लांबीएवढ्या अंतरावर इंजिन बंद करा आणि माणूस पुढच्या बाजूने आत घ्या, पंख्यापासून लांब.

तुमच्याकडची जुनी जॅकेटं पुढच्या रविवारी घेऊन या. 10 किलोचं माप आमच्याकडे असतं.