‘पाच मिनिटांच्या कामाचे चार तासांचे बिल’ या अभिप्रायास आमचे उत्तर

आदरणीय महोदय,

विवरणपत्रांच्या धावपळीच्या दिवसांत आपल्या कार्यालयाचे काम खोळंबले, याबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत.

आपण लिहिले आहे की फाइली साठवणाऱ्या आपल्या मशीनच्या सेटिंगची फाइल सेव्ह केलेली होती, ती फक्त अपलोड करायची होती. त्या पाच मिनिटांच्या कामाचे आम्ही चार तासांचे पैसे लावले आणि वर सगळ्यांचे पासवर्डही बदलून ठेवले, असेही आपले म्हणणे आहे. दोनच तारे दिले, त्याला आमची हरकत नाही. परंतु नौपाड्यातील आमचे लहानसे दुकान लोकांच्या शब्दावर चालते आणि हे वाक्य पुढचा प्रत्येक ग्राहक वाचणार आहे, म्हणून त्याचे सविस्तर उत्तर देणे भाग आहे.

आपल्या ट्रूनॅसची (कार्यालयातील सगळ्यांच्या फाइली एकत्र ठेवणाऱ्या मशीनची, म्हणजे नॅसची) बूट डिस्क, म्हणजे मशीन जिच्यावरून सुरू होते ती डिस्क, निकामी झाली होती. माहितीच्या डिस्क वेगळ्या असतात आणि त्या सुखरूप होत्या. मात्र वापरकर्ते, शेअर (नेटवर्कवरून उघडता येणारे सामायिक फोल्डर) आणि आयपी पत्ता (नेटवर्कवरील मशीनचा क्रमांक) यांच्या नोंदी बूट डिस्कवर असतात, त्या तिच्याबरोबर गेल्या. नवी एसएसडी बसवून सिस्टीम टाकल्यावर आम्ही सेटिंगची फाइल मागितली, तेव्हा ती त्याच नॅसवरील एका फोल्डरमध्ये ठेवल्याचे आपल्याकडून समजले. कपाटाची किल्ली कपाटातच राहावी तसा हा प्रकार होता. त्यामुळे आधी माहितीच्या डिस्कचा संच (पूल) नव्या सिस्टीममध्ये हाताने इम्पोर्ट करून ती फाइल बाहेर काढावी लागली.

फाइलच्या नावातच आवृत्ती आणि तारीख असते. ती गेल्या वर्षीची होती, आणि तिच्या नावाच्या शेवटी ‘टार’ नव्हे तर ‘डीबी’ होते, म्हणजे तिच्यात पासवर्ड उलगडण्यासाठी लागणारे गुप्त बीज (सीड) नव्हते. सेव्ह करताना ‘पासवर्ड सीक्रेट सीड’च्या चौकटीत खूण केली तरच ते बीज फाइलबरोबर येते, खूण नसेल तर ते जुन्या बूट डिस्कवरच राहते, आणि डिस्क गेली की साठवलेले कूटबद्ध पासवर्ड नव्या डिस्कवर कोणालाही उलगडता येत नाहीत. म्हणून शेअरचे पासवर्ड नव्याने द्यावे लागले. ‘बदलून ठेवले’ हा शब्द आम्हाला फार लागला.

फाइल अपलोड झाल्यावर मशीन आपोआप रीस्टार्ट होते आणि जुना डेटाबेस नव्या आवृत्तीत रूपांतरित होतो. तोवर ब्राउझरमधील मशीनचे पान उघडत नाही. थांबण्याची विनंती केलेली असतानाही आपल्या एका सहकाऱ्यांनी मशीन अडकले असे समजून पॉवरचे बटण दाबून धरले आणि आम्हाला सिस्टीम टाकण्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागली.

त्यानंतरचे काम तर डोळ्यांना दिसणारेच नव्हते. फाइल सेव्ह केल्यानंतर रुजू झालेल्या कर्मचाऱ्यांची खाती तिच्यात असणे शक्य नव्हते. डिस्कवरील परवानग्या नावाने नव्हे, तर वापरकर्ता क्रमांकाने नोंदलेल्या असतात. खाते भलत्या क्रमांकाने उघडले असते, तर त्यांना स्वतःच्याच फाइली उघडता आल्या नसत्या. त्यांच्या फोल्डरच्या मालकीवरून जुने क्रमांक शोधून, तेच देऊन खाती उघडली आणि प्रत्येकाच्या संगणकावर बसून एक एक एक्सेल फाइल उघडून, सेव्ह करून पाहिली. सर्व फाइली जागेवर मिळाल्या, याचा आपल्या अभिप्रायात उल्लेख नाही.

आम्ही दुकानातून निघण्यापूर्वी तासाचा दर फोनवर सांगितला होता आणि आपण तो मान्य केला होता. ठाणे ते वाशी प्रवासाचे पैसे बिलात लावलेले नाहीत.

यापुढे काम हाती घेण्यापूर्वी लागणाऱ्या वेळेची कल्पना अधिक स्पष्टपणे देण्याचा आमचा प्रयत्न राहील. आपण कळवल्यास सध्याची सेटिंग सीडसह सेव्ह करून ती फाइल नॅसच्या बाहेर, वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवून देऊ. त्याचे शुल्क घेणार नाही.

आपला विश्वासू,
दुकानाचे मालक, नौपाडा, ठाणे पश्चिम