महाराष्ट्राच्या मुलींचं क्रिकेट 2006 ला सुरू झालेलं नाही, भाऊ

महाराष्ट्राच्या महिला क्रिकेट टीमवरच्या लेखाचा पहिला भाग टाकला त्यावर एका वाचकाची मोठी कमेंट आलीये. नाव दिलेलं नाही, "जुना रणजीप्रेमी" एवढंच. कमेंट खाली तशीच आहे, मी एक अक्षर काढलेलं नाही, पण ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. त्यांचं म्हणणं असं की लेख भावनेत वाहवत गेलाय, महाराष्ट्राची टीम म्हणजे पुण्याची टीम, त्यात जळगावच्या बाईने एवढं जीव लावून लिहायचं कारण काय, मुंबई आणि विदर्भ वेगळे खेळतात हे नीट सांगितलेलं नाही, पुरुषांनी रणजी जिंकली तसं मुलींनी काय जिंकलं ते दाखवा. आणि मग हे एक वाक्य, जसंच्या तसं देते: "मॅडम, 2006 ला बीसीसीआयने हात दिला तेव्हा कुठे यांचं क्रिकेट सुरू झालं, त्याआधी सुट्टीत पोरी जमून खेळायच्या, त्याला टीमचा इतिहास म्हणून डोक्यावर घेऊ नका."

भाऊ, आधी बोलण्याच्या पद्धतीबद्दल बोलू. तुम्ही सुरुवात "मॅडम" ने करता आणि तीन शब्दांत "यांचं" आणि "पोरी" वर येता. माझ्या आधीच्या लेखांवर, कापसाच्या भावावर लिहिलं तेव्हा, भुसावळच्या रेल्वे कॉलनीवर लिहिलं तेव्हा, लोकांनी मला चुका दाखवल्या, भांडले पण, पण कुणी "डोक्यावर घेऊ नका" असं दरडावलं नाही. हा लेख बायकांच्या खेळावर होता म्हणून तुम्हाला असं बोलावंसं वाटलं हे मला स्पष्ट दिसतं आणि ते मी बोलून दाखवणार. रणजीत महाराष्ट्राच्या निंबाळकरांनी काढलेल्या 443 धावांवर कुणी लिहिलं असतं तर तुम्ही त्याला "तेव्हा माणसं जमून खेळायची" असं लिहिलं असतं का? नसतंच लिहिलं. तुम्ही वयाने मोठे असाल असं भाषेवरून वाटतं, त्याचा मान ठेवते, पण मान दोन्हीकडून असतो.

एक गोष्ट मान्य. मुंबई आणि विदर्भाच्या असोसिएशन वेगळ्या आहेत आणि क्रिकेटमध्ये "महाराष्ट्र" म्हणजे पुण्याला ऑफिस असलेल्या असोसिएशनचे जिल्हे, ज्यात आपले जळगाव, धुळे, नंदुरबार येतात, हे मी लेखात मध्ये कुठेतरी लिहिलं होतं ते वर पहिल्याच परिच्छेदात हवं होतं. वर घेतलंय. सुचवल्याबद्दल आभार.

आता ते 2006 चं वाक्य. त्या वर्षी महिलांची असोसिएशन बीसीसीआयमध्ये, म्हणजे देशाच्या क्रिकेट बोर्डात, विलीन झाली.

1973 च्या एप्रिलमध्ये पुण्यात महिलांची पहिली आंतरराज्य नॅशनल स्पर्धा झाली. टीम तीन होत्या, मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. म्हणजे देशात बायकांच्या क्रिकेटची पहिली नॅशनल भरली ती आपल्या टीमच्या घरात भरली आणि त्या तिनांतली एक आपली होती. त्याच वर्षी भारतीय महिला क्रिकेट असोसिएशन उभी राहिली, लखनौच्या महेंद्रकुमार शर्मांनी उभी केली, त्यांच्यामागे कुठलं बोर्ड नव्हतं की बोर्डाचा पैसा नव्हता. वर्ष संपायच्या आत वाराणसीला दुसरी नॅशनल झाली तेव्हा टीम आठ झाल्या, कलकत्त्याला तिसरी झाली तेव्हा चौदा. सुट्टीत जमलेल्या पोरी वर्षा-दीड वर्षात तीनाच्या चौदा टीम करत नाहीत हो, त्यासाठी राज्याराज्यात सिलेक्शन लागतं, स्कोअरर लागतो, अंपायर लागतो, कुणीतरी उन्हात उभं राहून रेल्वेच्या सवलतीचे फॉर्म भरून घ्यावे लागतात. पुढे त्या असोसिएशनच्या अध्यक्ष कराडच्या प्रेमलाकाकी चव्हाण होत्या, तेही आपल्याच राज्यातलं माणूस.

1975 ला ऑस्ट्रेलियाची 25 वर्षांखालची टीम भारतात आली, तीन सामने खेळली, पुणे, दिल्ली, कलकत्ता. तीन सामन्यांना भारताच्या कॅप्टन तीन वेगवेगळ्या, आणि त्यातली एक उज्ज्वला निकम, महाराष्ट्राची. पुढच्या वर्षी 31 ऑक्टोबर 1976 ला बंगलोरला वेस्ट इंडिजविरुद्ध भारतीय महिलांची पहिली अधिकृत टेस्ट. त्या सिरीजमध्ये पुण्याची शुभांगी कुलकर्णी होती, वय सतरा, लेगस्पिन. पुढे ती 19 टेस्ट आणि 27 वनडे खेळली, 1985 ला सरकारने तिला अर्जुन पुरस्कार दिला. 1985 ला, भाऊ. तुमच्या हिशोबाने क्रिकेट सुरू व्हायच्या एकवीस वर्षं आधी. सरकार सुट्टीतल्या खेळाला अर्जुन देतं का? आणि 2006 ला जेव्हा महिला असोसिएशन बीसीसीआयमध्ये विलीन झाली तेव्हा असोसिएशनची सेक्रेटरी हीच शुभांगी कुलकर्णी होती. म्हणजे ज्या दिवसापासून तुम्ही इतिहास मोजता त्या दिवशी कागद घेऊन टेबलाच्या पलीकडे बसलेली बाई महाराष्ट्राच्या टीमने घडवलेली होती. तिच्या मागची तीस वर्षं पुसायची तर ती तिथे आली कुठून?

आणि बीसीसीआयचंच म्हणणं तुमच्यासारखं नाहीये. त्यांनी महिलांसाठी जीवनगौरव सुरू केला तो 2017 ला पहिल्यांदा भारताच्या जुन्या कॅप्टन शांता रंगास्वामींना दिला, त्या खेळल्या कधी, सत्तर-ऐंशीच्या दशकात. भारताच्याच जुन्या कॅप्टन डायना एडलजींना आयसीसीने, म्हणजे जागतिक क्रिकेट संघटनेने, 2023 ला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, त्यांचा खेळ पण बोर्डाच्या आधीचा. रेकॉर्ड बुकात 1976 पासूनच्या टेस्ट धरतात. लग्न होऊन सासरचं आडनाव लागलं म्हणून बाई त्या दिवशी जन्मली असं कुणी म्हणत नाही, टीमच्या बाबतीत पण म्हणू नका.

हां, 1986 च्या इंग्लंड दौऱ्यानंतर 1991 पर्यंत भारताच्या महिला एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळल्या नाहीत, 1988 च्या वर्ल्डकपला टीम गेलीच नाही, हे मी लेखात लिहिलंय, लपवलेलं नाही. तुम्ही तेच उचलून "बघा बंदच होतं" म्हणताय. पण देशातल्या नॅशनल्स चालू होत्या ना. इंटरनॅशनल थांबलं तेव्हा मुलींना टिकवून धरलं ते राज्याच्या टीमनेच, म्हणून तर राज्याच्या टीमचा इतिहास लिहायचा, ही तर माझ्या लेखाची सगळी मांडणी होती आणि तुम्ही त्याच्यावरूनच उडी मारून पुढे गेलात.

आता मी कोण हे विचारलंत, म्हणून सांगते. नव्वदच्या दशकात मी अमळनेरकडून जळगावला कॉलेजला आले आणि क्रिकेट खेळले. मोठी खेळाडू झाले नाही, राज्याच्या टीममध्ये आले नाही, पण ज्याला तुम्ही जमून खेळणं म्हणता ते काय होतं ते मी हाताने केलंय. कॉलेजचं नाव घेत नाही. मुलांची प्रॅक्टिस संपल्यावर ग्राउंड आम्हाला मिळायचं, म्हणजे दिवस कलल्यावर. पिचवर टाकायची काथ्याची मॅट गुंडाळून ठेवलेली असायची, ती आम्हीच उचलून आणायची, पसरायची, ताणायची आणि कडेच्या रिंगांमधून लांब खिळे हातोडीने ठोकायचे. आपली काळी माती, एप्रिल-मे मध्ये तिला बोटभर भेगा, खिळा ठोकला की आत जायचा आणि सैल राहायचा, धरायचाच नाही. मग मॅटच्या कोपऱ्यावर दगड. बॉल त्या सुटलेल्या कडेवर पडला की कुठे जाईल सांगता यायचं नाही, एका मुलीचा ओठ फाटला होता त्याच्यामुळे. पॅड मुलांचे, माझ्या मांडीपर्यंत यायचे, पट्टे मागे दोनदा फिरवून बांधले तरी पळताना आतल्या आत एकमेकावर आपटायचे आणि दुसरा रन हमखास राहून जायचा.

बॉलचं ऐका. बायकांचा बॉल 140 ते 151 ग्रॅमचा असतो, पुरुषांचा 156 ते 163. आम्हाला प्रॅक्टिसला मिळायचे ते मुलांनी खेळून टाकलेले बॉल, शिवण उसवलेले, एका बाजूने फुगलेले. महिनोन्‌महिने हात त्या जड बॉलला सरावलेला आणि ट्रायलला गेलं की समोरून हलका कोरा बॉल येणार, तो जास्त हलणार, बॅट भलत्याच वेळी खाली येणार आणि चार बॉलमध्ये सिलेक्टर पुढचं नाव पुकारणार. पुण्याच्या मुली पुण्यात त्याच हलक्या बॉलने खेळून आलेल्या असायच्या. मला त्यांचा राग नाही, त्यांनी पण हाल काढलेत, पण "पुण्याचीच टीम" असं तुम्ही म्हणता तेव्हा ती पुण्याची का झाली हे पण बोला की.

आणि पुणे म्हणजे काय इथे आहे का. जळगावहून महाराष्ट्र एक्स्प्रेस नाहीतर झेलम, मनमाड, नगर, दौंड करत रात्रभर बसून, जनरलच्या डब्यात, बॅट मांडीवर आडवी धरून. धुळ्याच्या मुलीला आधी चाळीसगाव गाठायचं. नंदुरबारची तर ताप्ती लाईनवरची, तिला सुरत जवळ आणि पुणे लांब. सोबत कुणीतरी मोठं माणूस पाहिजे, नाहीतर घरून सोडायचे नाहीत, म्हणजे तिकिटं दोन. माझी आजी शेवटपर्यंत विचारायची, "पोरी बॅटबॉल खेळतस का कुठे?" पण डब्यात भरीत-भाकरी तीच बांधून द्यायची. 1990 ला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं त्याच्या आधी तर आपली सगळी कॉलेजेस पुणे विद्यापीठातच होती, म्हणजे खान्देशच्या मुलीला साध्या युनिव्हर्सिटी टीमसाठी पण पुण्याच्याच मुलींशी भिडावं लागायचं. माझ्या आधीच्या ज्या मुली असं जाऊन आल्या त्यांना तुम्ही सुट्टीत जमलेल्या म्हणताय. मला ते लागलं. लागलं म्हणूनच एवढं लिहितेय.

खान्देशचा काय संबंध याचं उत्तर त्यातच आलं. जी टीम आपल्या तीन जिल्ह्यांची पण आहे तिच्याबद्दल बोलायला जळगावच्या बाईला परवानगी लागत नाही.

रणजीची बरोबरी मी केलेलीच नव्हती. देवधरांच्या कॅप्टनशिपखाली 1939-40 आणि 1940-41 ला महाराष्ट्राने रणजी जिंकली, मला माहीत आहे, अभिमान आहे. मुलींनी काय जिंकलं विचारायचं तर आधी हे बघा की देशाची वनडे ट्रॉफी बहुतेक वेळा रेल्वेच जिंकत आली, कारण रेल्वे मुलींना नोकरी देते आणि राज्यांनी तयार केलेल्या चांगल्या मुली पगारासाठी तिकडे जातात. भुसावळवाल्यांना रेल्वेची नोकरी म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नाही. राज्याच्या टीमने खेळाडू घडवायचे आणि कप दुसऱ्याच्या कपाटात, हे वर्षानुवर्षं चाललं. तरी सांगलीच्या स्मृती मानधनाने 2013 ला वडोदऱ्याला गुजरातविरुद्ध 150 बॉलमध्ये नाबाद 224 केल्या ते महाराष्ट्राच्या अंडर-19 कडूनच, आणि 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत वर्ल्डकप उचलला त्या टीमची ती व्हाइस कॅप्टन होती. कोल्हापूरची अनुजा पाटील, पुण्याची देविका वैद्य, सोलापूरची किरण नवगिरे, ही नावं लेखात आहेत, पुन्हा लिहीत बसत नाही.

लेख भावनेत लिहिलाय हे खरं, त्यात मला काही वावगं वाटत नाही. नेटवरून उचललाय असा पण एक टोमणा आहे तुमचा, त्याला उत्तर देत नाही.

पुढच्या रविवारी दुसरा भाग येतोय, 2006 नंतरचा, बोर्डाच्या पैशाने काय बदललं आणि आपल्या तीन जिल्ह्यांपर्यंत त्यातलं काय पोचलं नाही यावर. बीसीसीआयने जे चांगलं केलं ते त्यात लिहिणार आहे, 2022 ला मॅच फी पुरुषांएवढी केली ते पण. तिथे या, आकडे घेऊन या, भांडू. कुणाकडे जुन्या इंटर-कॉलेज मॅचेसचं स्कोअरबुक किंवा फोटो असतील, धुळे-नंदुरबारकडचे असतील तर फार बरं, कमेंटमध्ये कळवा. तुमची ही कमेंट मी काढणार नाही भाऊ, पण त्या मुलींबद्दल ह्या भाषेत पुन्हा लिहिलंत तर पुढची छापणार नाही.