काजू ‘खरा नट’ नाही म्हणून नट ॲलर्जीवाल्याला चालतो? अजिबात नाही!

“९९ टक्के लोकांना हे माहीतच नाही” असं सुरू होणारा एक फॉरवर्ड सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय, तुमच्यापर्यंतही आला असेल. आला नसेल तर थोडक्यात सांगते. काजू, बदाम, पिस्ता, अक्रोड, चिलगोजे, शेंगदाणे हे कोणीच खरे नट नाहीत, या सगळ्या बिया आहेत, खरे नट म्हणजे फक्त हेझलनट आणि चेस्टनट, म्हणून ‘नट ॲलर्जी’ असलेल्यांनी काजू-पिस्ते बिनधास्त खावेत, शंका असेल तर आधी एक-दोन खाऊन बघावेत, आणि तरी भीती वाटलीच तर ओव्हनमध्ये भाजावेत म्हणजे ॲलर्जी जळून जाते. त्याखाली “२००० वर्षं जुनी ओरिजिनल ग्रीक रेसिपी” म्हणून स्पानाकोपिता, म्हणजे पालक भरलेला खारा ‘पाय’ (pie, पातळ पोळ्यांच्या थरांत सारण भरून भाजलेला), त्यात काजूची पेस्ट आणि वरून चिलगोजे. सोबत टिपा: फिलो, म्हणजे या पायची पातळ पोळी, घरी करणं अशक्य, फेटा म्हणजे ग्रीक पनीरच, आणि तळलं की ते ग्रीक राहत नाही.

एरवी मी असल्या गोष्टींच्या वाटेला जात नाही. पण हा मेसेज माझ्या मोठ्या मावशीने पाठवला आणि खाली विचारलं, “मग आता छोटीला काजू चालतील ना गं?” छोटी म्हणजे माझी भाची, तिला काजू आणि पिस्ता दोन्हीची ॲलर्जी आहे, आणि मावशी तिच्या वाढदिवसाला हीच रेसिपी करायला निघाली होती. प्रेमाने. म्हणून एकेक मुद्दा घेते, आणि राग दिसला तर दिसू दे.

पहिला मुद्दा, बिया. हो, हे बरोबर आहे, मान्य करायला जिवावर येतं पण बरोबर आहे. बॉटनीत नट म्हणजे कडक, सुकं, आपणहून न फुटणारं अख्खं फळ, आत बहुतेक वेळा एकच बी. हेझलनट, चेस्टनट, ओकची फळं यात बसतात. बदाम हा पीच-जर्दाळूच्या जवळच्या नात्यातला, त्यांच्या कोयीच्या आत जे असतं ते आपण बदामात खातो. पिस्ताही तसाच कोयीच्या आतला. काजू कसा लागतो हे कोकणात-गोव्यात कोणाला सांगायला नको, बोंडाच्या खाली टरफलात लटकलेली बी. शेंगदाणा तर सरळ शेंगेतला, तूर-हरभऱ्याच्या कुळातला. चिलगोजे पाइनच्या शंकूतले, त्यांना तर फळच नसतं. अक्रोडावर खुद्द वनस्पतिशास्त्रज्ञांचं एकमत नाही. इथपर्यंत ठीक आहे, शाळेच्या क्विझला चालेल.

पण यावरून “म्हणून ॲलर्जीवाल्यांना चालतं” ही उडी कुठून मारली? आता हे नीट वाचा, कारण सगळ्यात घातक वाक्य हेच आहे. बॉटनीतली ही व्याख्या फळाच्या बाहेरच्या भागावरून ठरते, कवच कशापासून बनलं, ते फुटतं का, वर गर आहे का. आणि ते कवच आपण फेकून देतो! हेझलनट फोडल्यावर आपण काय खातो? आतली बीच. बदाम फोडल्यावर? बी. काजू, पिस्ता, शेंगदाणा? बी, बी, बी. ॲलर्जी येते ती या बीमध्ये साठवलेल्या प्रथिनांची. बी म्हणजे उगवणाऱ्या रोपाची शिदोरी, तिच्यात प्रथिनं ठासून भरलेली असतात, आणि काही लोकांचं शरीर नेमक्या त्याच प्रथिनांना शत्रू समजतं. त्या शरीराला बाहेरचं कवच बॉटनीत कुठल्या खान्यात बसतं याच्याशी काही देणंघेणं नाही. ‘खरा नट नाही’ हे वाक्य शंभर टक्के खरं असलं तरी काजूतलं एक प्रथिनसुद्धा त्याने बदलत नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, कायदा बघा. युरोपियन युनियनचा अन्नाच्या माहितीचा कायदा आहे, रेग्युलेशन ११६९/२०११, ग्रीसलाही तोच लागू. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात ज्या १४ ॲलर्जीकारक गोष्टी ग्राहकाला सांगणं बंधनकारक आहे त्यांची यादी आहे. त्यात ‘नट्स’ या शब्दापुढे नावं घालून दिलीत: बदाम, हेझलनट, अक्रोड, काजू, पिकान, ब्राझील नट, पिस्ता, मॅकाडेमिया. आठ नावं. त्यातला बॉटनीच्या काटेकोर व्याख्येत बिनवाद बसणारा एकटा हेझलनट! आणि चेस्टनट, जो फॉरवर्डच्या मते ‘खरा’ आणि म्हणून धोक्याचा, तो या यादीत नाहीच. शेंगदाणा वेगळ्या ओळीत आहे, कारण तो वेगळ्या कुळातला, पण आहे. म्हणजे ही यादी बनवणाऱ्यांनी लोकांना रिॲक्शन कशाने येते ते बघितलं. आणि अथेन्समधल्या गल्लीतल्या बेकरीत सुट्टा पाय विकत घेतला तरी त्यात यातलं काही आहे का हे त्यांना सांगावं लागतं. आपल्याकडेही एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या, २०२० च्या लेबलिंगच्या नियमांत शेंगदाणे आणि ट्री नट्स (काजू-बदामासारखे झाडावरचे नट) आहेतच, तिथेही कोणी ‘बी आहे की फळ’ असं विचारलेलं नाही. आता उलटं करून कोणी असंही म्हणू नये की यादीत नाही म्हणजे सुरक्षित, चिलगोजे त्या आठांत नाहीत पण त्यांचीही ॲलर्जी असणारे लोक आहेत.

बरं, बॉटनीच वापरायची असेल तर कामाची वापरा ना. काजू आणि पिस्ता एकाच कुळातले, त्यांची प्रथिनं एकमेकांसारखी, त्यामुळे एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्याची असण्याची शक्यता खूप जास्त असते. अक्रोड आणि पिकानचं तसंच. आणि काजूच्या कुळात आपल्या स्वयंपाकघरातले आणखी दोन आहेत जे कोणाच्या लक्षात येत नाहीत: बासुंदीतली चारोळी, आणि डिंकाच्या लाडवातली गोडंबी, म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर. बिब्बा उततो हे आपल्या आज्यांना माहीत होतं, काजूच्या टरफलातलं तेलही तसंच कातडी भाजतं. ते टरफलाचं प्रकरण वेगळं आणि गर खाऊन होणारी ॲलर्जी वेगळी, पण काजूची ॲलर्जी असलेल्या मुलाला चारोळी-गोडंबी द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा. ही माहिती फॉरवर्ड करा हवं तर.

“शंका असेल तर एक-दोन खाऊन बघा.” हे ज्याने लिहिलं त्याने ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जीची रिॲक्शन, बघितलेली नाही. असा टेस्ट असतो, पण तो डॉक्टर स्वतःच्या देखरेखीखाली, अगदी बारीक मात्रेपासून हळूहळू वाढवत, औषधं शेजारी ठेवून करतात. घरी डायनिंग टेबलवर नाही. रिॲक्शन काही मिनिटांत सुरू होऊ शकते, ओठ-जीभ सुजणं, अंगावर गांध्या, उलट्या, श्वास लागणं, बीपी पडणं, आणि मागच्या वेळी नुसती खाज आली होती म्हणून या वेळीही तेवढंच होईल असं काही नसतं. अशा वेळी घरातली ॲलर्जीची गोळी देऊन वाट बघायची नसते, मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं, लगेच, आणि हॉस्पिटल.

“भाजल्यावर ॲलर्जी जळून जाते.” नाही जळत. हा समज कुठून आला असेल तेही सांगते, अंड्याची ॲलर्जी असलेल्या बऱ्याच मुलांना केकमध्ये नीट बेक झालेलं अंडं चालतं, डॉक्टरांनी तपासून सांगितलेलं असेल तर. ते अंड्याचं. काजू, पिस्ता, शेंगदाणा यांच्यातली जी मुख्य त्रासदायक प्रथिनं आहेत त्यांची घडण इतकी घट्ट असते की ती उष्णताही सोसतात आणि पोटातलं ॲसिडही. शेंगदाण्याच्या बाबतीत तर कोरडं भाजल्यावर त्रास द्यायची ताकद वाढू शकते असं प्रयोगांत दिसलंय. आणि मुळात ओव्हन १८० डिग्रीवर असला तरी पायच्या आतलं ओलं सारण १०० च्या आसपासच राहतं, त्यात पाणी असतं ना! मग आतली काजूची पेस्ट जळणार कशी?

आता ती ‘२००० वर्षं जुनी’ रेसिपी. काजू मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात गोव्यात आणला, त्याआधी या बाजूच्या जगाला काजू ठाऊकच नव्हता. ग्रीसमध्ये तो आजही पिकत नाही, तिथला मान एजिना बेटावरच्या पिस्त्याचा. बरं पालकही तेवढा जुना नाही, तो इराणकडून मध्ययुगात भूमध्य समुद्राकडे आला. म्हणजे काजू, पालक, चिलगोजे या तिघांपैकी २००० वर्षांपूर्वीच्या ग्रीक माणसाकडे फक्त चिलगोज्यासारखे पाइन नट होते!

आणि स्पानाकोपितात काजू हवाच कशाला? ग्रीक खाऱ्या पायमध्ये सहसा सुकामेवा नसतो, अक्रोड-पिस्ते जातात बकलाव्यासारख्या गोडात. स्पानाकोपिताचं सारण म्हणजे पालक, पातीचा कांदा, फेटा, अंडं, ऑलिव्ह ऑइल, आणि शेपू. हो शेपू, आपल्याकडे जिच्या नावाने पोरं नाक मुरडतात ती भाजी, त्या पायचा वास तिचाच असतो. पालक मीठ लावून किंवा जरा वाफवून घट्ट पिळायचा, अजून पिळायचा, पाणी राहिलं तर खालचा थर लगदा होतो. अंडं खात नसाल तर ग्रीक लोकांचा उपासाचा प्रकार करा, ऑर्थोडॉक्स उपासात ते अंडं-चीज दोन्ही टाळतात, आणि सारणात मूठभर तांदूळ घालतात, तो पाणी शोषतो. क्रीमीपणासाठी काजू लागतो हे आपल्या पंजाबी ग्रेव्हीच्या सवयीतून आलंय, ग्रीसमधून नाही.

फिलो घरी अशक्य? ग्रीसमधल्या एपिरसच्या डोंगरातल्या गावांमध्ये बायका पिढ्यान्‌पिढ्या घरीच लाटत आल्यात. मैदा, मीठ, कोमट पाणी, थोडं ऑलिव्ह ऑइल, चमचाभर व्हिनेगर, मऊ कणीक मळून तासभर झाकून ठेवायची आणि लांब बारीक लाटण्याने पातळ लाटायची. ज्या हाताला पुरणपोळी लाटता येते त्या हाताला हे अशक्य म्हणणाऱ्याची मला कीव येते. दुकानातल्या कागदासारख्या फिलोइतकी ती पातळ होत नाही, हे खरं, आणि व्हायची गरजही नाही, गावाकडची फिलो जाडच असते. प्रत्येक थरावर तेल लावा, वरच्या थरांवर भाजायच्या आधीच सुरीने खाचा पाडा, १८० ला पाऊण ते एक तास, बाहेर काढल्यावर वीस मिनिटं हात लावू नका. आळस असेल तर तयार पफ पेस्ट्री वापरा, ग्रीसमध्ये रस्त्यावरचा चीजचा पाय, तिरोपिता, त्याचाही मिळतो. विकतची फिलो किंवा पेस्ट्री आणलीत तर पाकिटावरची ॲलर्जीची ओळ आधी वाचा. आणि तिरोपितावर पुष्कळदा तीळ असतात, तीळ युरोपच्या त्या यादीत आहेत, आपल्या यादीत नाहीत, तेव्हा तिळाची ॲलर्जी असेल तर आपल्याकडच्या पाकिटावर घटकांची यादीच शोधावी लागते.

फेटा म्हणजे पनीर नाही. फेटा मेंढीच्या दुधाचा, त्यात बकरीचं दूध फार तर ३० टक्के, खाऱ्या पाण्यात कमीत कमी दोन महिने मुरवलेला, आणि २००२ पासून युरोपात ते नाव फक्त ग्रीसच्या ठरलेल्या भागांतल्या चीजला वापरता येतं. पनीर ताजं, अळणी. तरी फेटा महाग आहे आणि सगळीकडे मिळत नाही, तर पनीर कुस्करून त्यात चक्का आणि बऱ्यापैकी मीठ घाला, सारण छान होतं. त्याला फेटा म्हणू नका एवढंच.

राहिलं तळणं. स्कोपेलोस बेटावरचा चीजचा पाय गोल वेटोळं करून तेलातच तळतात आणि तो पूर्ण ग्रीक आहे, त्यामुळे ओव्हन नसेल तर खुशाल तळा. फक्त घरात कोणाला काजू-शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर ताजं तेल घ्या आणि कढई-झारा आधी साबणाने घासून घ्या, चिवड्याचे काजू-दाणे ज्या तेलात तळले ते गाळून ठेवलेलं तेल यासाठी अजिबात वापरू नका.